सरांची उघडी बॅग

कॉलेजच्या फाटकाशी बस सकाळी नऊपासून उभी होती. भिवंडीतल्या त्या कॉलेजातून पहिल्यांदाच मुलं परदेशी निघाली होती, व्हिएतनामच्या कापड गिरण्या बघायला. मुलं बत्तीस आणि पोचवायला अख्खं गणगोत. कुमार सर एकेकाचा पासपोर्ट बघून बसमध्ये चढवत होते.

पडघ्याहून येणाऱ्या क्षितिजाची पाळी आली. तिनं पर्स चाचपली, मग सॅक उपसली. पासपोर्ट नव्हता. सरांनी झेरॉक्ससाठी सगळ्यांचे पासपोर्ट घेतले होते आणि गुरुवारी परत वाटले होते. मागून कुणीतरी ओरडलं, "आवर की गं, विमान थांबणार न्हाय!" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, माझा तुमच्याकडंच राहिला. तुम्ही परत दिलाच नाही."

शब्द बाहेर पडले आणि तिला लख्ख आठवलं. काल संध्याकाळी तिनंच तो आईला दिला होता, देवापुढं ठेवायला. आताच सांगून टाकावं, असं वाटलं. पण सगळे तिच्याकडं बघत होते.

"दिला होता गं मी," सर गोंधळून म्हणाले.

"न्हाय सर."

क्षितिजाची मैत्रीण पूर्वी, तिचे वडील केसरीनाथ पुढं सरसावले. "एक पासपोर्ट सांभाळता येत नाही, आमची पोरं काय सांभाळणार तुम्ही?"

सरांनी हातातली फाइल दोनदा पालथी केली. मग आपली बॅग बसच्या पायरीवर ठेवून उघडली. घडी केलेले शर्ट निघाले, औषधांचा डबा निघाला, रफू केलेला बनियन निघाला. कुणीतरी हसलं. सरांचे कान लाल झाले, तरी ते कप्पे शोधत राहिले.

क्षितिजाच्या हातातला फोन थरथरला. पप्पा. तिनं तो कापला. परत आला, परत कापला.

अर्ध्या तासानं तिचे पप्पा, हरेश, मोटरसायकलवरून आले. अंगात गोदामाचा निळा गणवेश होता, बायकोचा फोन आल्यावर शिफ्ट सोडून तो घरी जाऊन आला होता. "अगं, फोन का उचलीत न्हायस?" लांबूनच तो हसत ओरडला. "आयशीनं देवापुढं ठेवलेला, तिथंच राहिला बघ!" त्यानं हळदीकुंकू लागलेला पासपोर्ट वर धरला.

केसरीनाथ म्हणाले, "तुमची पोरगी तर म्हणते, सरांनी दिलाच नाही."

हरेशनं लेकीकडं पाहिलं. ती पायाकडं बघत होती. मग त्यानं सरांपुढं हात जोडले. "माझी चूक हाय, सर. हिला द्यायचा मीच इसरलो. हिला कायच ठाव न्हाय."

"मिळाला ना? बसा," सर म्हणाले आणि वाकून आपले कपडे भरू लागले. क्षितिजानं मदतीला हात पुढं केला. सरांनी तो बाजूला सारला.

बस माणकोली नाक्यावर आली तेव्हा ती उठून सरांच्या सीटपाशी गेली. "सर, मला तेव्हाच आठवलं होतं. पप्पांची काही चूक नाही."

सरांनी मांडीवरची फाइल मिटली. मग म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

तिनं ड्रायव्हरकडून माइक मागून घेतला. "पासपोर्ट घरीच होता, ते मला माहीत होतं. मी खोटं बोलून सरांवर ढकललं. पप्पाही मला वाचवायला खोटं बोलले." तिनं माइक परत दिला. पूर्वीनं शेजारच्या रिकाम्या सीटवर आपली सॅक ठेवली. क्षितिजा मागं जाऊन एकटीच बसली आणि तिनं घरी फोन लावला.

"पप्पा, मी सगळं खरं सांगून टाकलं. सगळ्यांना."

पलीकडं गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

"बरं केलंस," हरेश म्हणाला. मग आवाज खाली गेला. "पन मी पासपोर्ट घेऊन आलो तवाच सांगितलं असतंस, तर सरांपुढं मी खोटा तरी पडलो नसतो गं."

त्यानं फोन ठेवला. ड्युटी होती.