एग्मोरवर मारलेली हाक

भीमसेनरावांना अंबुजा अप्पा, म्हणजे बाबा, म्हणायची, आणि रक्ताचं नातं बघायला गेलं तर ते तिचे कोणीच नव्हते. आई बाळंतपणात गेली. बाप शेषगिरी सव्वा महिन्याची पोर शेजारच्या दारात ठेवून मलायात पिनांगला पळाला. ते दार भीमसेनरावांचं. मद्रासजवळच्या तांबरमच्या सिग्नल केबिनमधला बिनलग्नाचा माणूस. पोरीला ताप आला की ते सगळ्या गाड्या रोखून धरायचे, शिट्ट्यांनी तिची झोप मोडू नये म्हणून. रेल्वेवाले नाही म्हणतात. त्यांना काय आठवतंय!

तेरा वर्षांनी, एकोणसाठ साली, शेषगिरी उगवला. तोंडात सोन्याचा दात, अंगात रेशमी शर्ट.

"पोर माझी आहे. नागपट्टणमहून बोटीनं नेतो."

"बाप तुम्ही," भीमसेनराव म्हणाले, "मी कुठल्या तोंडानं अडवू?" आणि ड्यूटीवर निघून गेले.

तीन दिवस शेषगिरीचं एकच टुमणं. "मला अप्पा म्हण. त्यांना भीमसेनराव म्हण." अंबुजा 'हो' आणि 'नको' एवढ्या दोन शब्दांवर दिवस ढकलत होती.

चौथ्या दिवशी मी, पलीकडच्या घरातला म्हातारा, दोघांना पोचवायला मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर गेलो. शेषगिरी हमालाबरोबर ताडताड पुढे. मागे अंबुजा, तिची पत्र्याची पेटी आणि पाण्याचा कूजा सांभाळत मी. डबा समोर आला तशी पोरगी थांबली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली,

"अप्पाऽऽ!"

आता मद्रासेत हा शब्द घरोघरचा. मी स्वतः मोजली, एकशे बेचाळीस माणसं वळली. कॉफीवाला वळला, त्याच्या हातातली धार तशीच हवेत राहिली. इंजिनावरचा ड्रायव्हर वळला. एक मुंडन केलेला संन्यासी वळला आणि मग लाजला. तिकडे तांबरमच्या केबिनमध्ये भीमसेनराव वळले; खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा.

वळला नाही तो एकटा शेषगिरी. हमालाशी दोन आण्यांवरून हुज्जत घालत होता.

अंबुजा पेटीवर बसली ती बसलीच.

"चल, गाडी सुटेल!" तो परत येऊन खेकसला.

"मी हाक मारली."

"ऐकली. पण मला काय ठाऊक ती मला होती?"

"तीन दिवस अप्पा म्हण म्हणून मागे लागला होतात. म्हटलं. सगळे वळले. तुम्ही नाही."

"सवय नाही गं मला! लागेल हळूहळू."

"मला तेरा वर्षांची सवय आहे. ती मी मोडणार नाही."

"मी जन्म दिलाय तुला!"

"त्याबद्दल नमस्कार करते," ती म्हणाली आणि खरंच वाकून नमस्कार केला. "पण येणार नाही. ओढून न्या, बोटीवर रोज हीच हाक मारीन. किती जण वळतात ते मोजत बसा."

भोवती गर्दी जमली होती. शेषगिरीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी कूज्यातलं पाणी पिऊ लागलो. गार्डानं हिरवी झेंडी काढली.

तो डब्यात चढला. खिडकीतून म्हणाला, "पत्र तरी लिहिशील?"

"तुम्ही लिहा, उत्तर देईन. मायन्यात काय लिहायचं ते मात्र मी ठरवीन."

गाडी हलली. अंबुजानं पेटीची एक कडी धरली.

"आजोबा, तिकडून उचला. तांबरमची गाडी पलीकडे लागते."