पावडर लावलेलं इंजिन

कुशांगची वरात सकाळी नऊला दार्जिलिंगच्या डोंगरातल्या मानेभंज्यांगहून वर टुमलिंगला, नवरीच्या गावी, निघायची होती. नवरदेवाची जीप चालवणार होता त्याचा थोरला भाऊ फुर्बा. त्याने सातला येऊन पाहिलं, तर जीपखाली ताटाएवढं तेल सांडलेलं.

बघता बघता स्टँडवरचे ड्रायव्हर जमले, नवरदेवही धावत आला. एकाने खाली वाकून निकालच दिला, "इंजिनचं मागचं सील गेलं, फुर्बा दाजू. इंजिन उतरवायला लागणार. दोन दिवस धर."

"दोन दिवस?" नवरदेव मटकन दगडावर बसला. "नवरी काय तोवर थांबणारे?"

तेवढ्यात दोघांची थोरली बहीण लाक्पुती आली. नवऱ्याबरोबर गॅरेजमध्ये वीस वर्षं राबलेली बाई. लग्नासाठी घातलेला नवा पायघोळ बख्खू अंगावर होता, त्याच्याच बाह्या तिने वर सारल्या.

"घरात पाणी गळलं तर तू फरशी खणतोस की छप्पर बघतोस?" तिने फुर्बाला विचारलं. "तेल वरून ओघळत खाली येतं. आधी इंजिन पूस."

दोघांनी रॉकेलच्या फडक्याने इंजिन लख्ख पुसून कोरडं केलं. मग लाक्पुतीने नवरदेवापुढे हात पसरला. "पावडरचा डबा दे."

"दिदी, माझ्या तोंडाला काय लावू?"

"तुझं तोंड काय गळतंय? आण इकडे!"

तिने इंजिनवर पांढरी पावडर भुरभुरली आणि जीप चालू करायला लावली. सगळे माना खुपसून बघत राहिले. पाचेक मिनिटांनी वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात पावडर काळवंडली. तिथून एक बारीक रेघ निघाली ती सरळ मागे, खाली उतरली.

"सापडली गळती!" नवरदेवच आधी ओरडला.

इंजिन जरा निवल्यावर झाकण काढलं, तर त्याची कड वाकलेली.

"किती आवळलंस रे?" लाक्पुती म्हणाली.

फुर्बा मान खाजवत राहिला. "गळायला लागलं की थोडं आवळायचो. परत गळलं की आणखी थोडं."

"म्हणजे बंद करता करता तूच वाट करून दिलीस!"

ड्रायव्हर खो खो हसले. सील गेल्याचं सांगणारा तर सगळ्यांत मोठ्याने हसला. लाक्पुतीने लाकडाच्या ठोकळ्यावर कड ठोकून सरळ केली, कॉर्कच्या शीटमधून झाकणाखालची नवी पट्टी कापून बसवली. नट फुर्बा लावायला लागला तसा तिने पान्याच्या टोकाकडचा त्याचा हात मधोमध सरकवला. "हळू. नट बसला की थांब."

पुन्हा पावडर. पुन्हा इंजिन चालू. पंधरा मिनिटं झाली तरी कोपरा पांढराच्या पांढरा.

वरात दहाला निघाली. पुढच्या सीटवर नवरदेवाच्या मामांचा मान होता, पण मामा आपणहून मागे जाऊन बसले. "आज तिथे लाक्पुतीच बसू दे," म्हणाले. ती बसली, काळ्या हातांनीच. टुमलिंगच्या चढावर ढग खाली राहिले आणि तिने गाणं धरलं. मागच्या जीपांमधूनही सूर मिळत गेले. हकिगत ऐकून नवरीच्या आईने दारात नाचणीच्या गरम बियरचा पहिला तोंगबा पुढे केला तो नवरदेवाऐवजी तिच्याच हातात, आणि नवरदेवानेही काही कुरकुर केली नाही.