घास नव्हताच अडकला

मित्रांनो, कॅज्युअल्टीच्या कपाटावर धूळ खात बसलेला हा पिवळट डबा म्हणजे मी, नेब्युलायझर. लोक मला वाफेचं मशीन म्हणतात. नाव काहीही घ्या, काम एकच. दम्यानं ज्याची छाती आवळली, त्याच्या तोंडावरच्या मास्कमधून औषधाचे तुषार आत सोडायचे.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, वारज्याकडे जिकडेतिकडे बांधकामं निघाली, आणि त्या धुळीनं मला उसंत म्हणून मिळू दिली नाही. मथुराबाई सिस्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "घुरघुरतोस फार, पण काम चोख करतोस हो!" मी फुशारून जायचो. पण खरं सांगू? पेशंट आला की दरवेळी मला धडकी भरायची. त्याचा श्वास परत येईल की नाही, हे मलाही ठाऊक नसायचं.

एका रविवारी भरदुपारी रुपालीला आणलं. हिंजवडीत नोकरी करणारी पोरगी, अंगावर नवी कोरी साडी, ओठ निळे पडलेले, बोलायला दम नाही. बरोबर तिची आई कांताबाई आणि तिला पाहायला आलेले मुलाकडचे पाहुणे. त्यांच्याच गाडीतून तिला आणलं होतं.

"पोह्यांचा घास अडकलाय हो!" कांताबाई म्हणाल्या.

अहो, कसला घास! मी पोरीला बघताक्षणी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी ती याच खाटेवर माझा मास्क लावून तडफडत होती. शेवटी घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं. पण मथुराबाई नेमक्या सुट्टीवर, आणि डॉक्टर प्रियदर्शनी इथे नव्यानं आलेल्या. त्यांना कुठून कळणार?

त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. घरघर नाही, शिट्टी नाही. "हिला दमा आहे का? कधी ॲडमिट होती?"

कांताबाईंनी मुलाच्या आईकडे पाहिलं. "छे हो! साधी सर्दीसुद्धा नसते तिला."

झालं! सगळे घशाच्या मागे लागले. कुणी पाठीत थापट्या मारतंय, कुणी तोंडात टॉर्च मारतंय. मी आपला खाटेशेजारी मुकाट. मित्रांनो, दम्यात घरघर ऐकू येते तोवर थोडी तरी हवा फिरत असते. छाती अगदी गप्प झाली, की समजावं, हवा जातच नाहीये. त्या शांततेची मला फार फार भीती वाटते. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बटण दाबल्याशिवाय मला आवाज कुठला?

रुपालीची मान कलली. डोळे मिटू लागले.

"बघा, शांत झाली," कांताबाई आशेनं म्हणाल्या. "झोप लागतेय तिला."

"झोप नाहीये ही! जातेय ती हातातून!" डॉक्टर कडाडल्या. "काय असेल ते खरं सांगा!"

कांताबाईंचा बांध फुटला. "दमा आहे हो तिला! मागे व्हेंटिलेटरवर होती. पाहुण्यांसमोर ओढेल म्हणून पंप मीच लपवून ठेवला. वाचवा हो माझ्या पोरीला!"

मग एकच धावपळ उडाली. ऑक्सिजन लागला, शिरेतून औषधं सुरू झाली, भूल देणारे डॉक्टर नळी तयार ठेवून उशाशी उभे राहिले. माझं बटण खटकन दाबलं गेलं. मी जीव तोडून घुरघुरलो. मनात एकच धावा चालला होता, जाऊ नकोस गं बाई!

किती तरी वेळ काहीच घडेना. मग डॉक्टरांनी पुन्हा कान दिला आणि त्यांचा चेहरा उजळला. छातीत बारीकशी शिट्टी वाजत होती. हवा आत शिरली होती!

नळी घालावी लागली नाही. संध्याकाळी रुपालीला दोन शब्द बोलता आले. "आई, पाहुणे... गेले?"

"जाऊ देत गं," कांताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तू श्वास घे."

आता नवी मशीनं आली आणि मला कपाटावर चढवलं. कुणी फडकं मारलं तर बरं वाटेल, पण तक्रार नाही. मागणं एवढंच आहे मित्रांनो, की दम्याचा पंप कुणापासून लपवू नका, हाताशी ठेवा. आणि आमच्या दारात आलात, की आधी दमा आहे हे सांगा. बरोबर कोण आलंय, ते नंतर बघा.