डाव्या पंखातली बिअर

वीस हजार फुटांवरच्या गारठ्यात अर्धा तास काढला की वैमानिक क्लेम रडकच्या पदरात काय पडणार, हे उघड होतं. दोन गार बाटल्या स्वतःला, बाकीच्या हवाई तळाला, आणि मिल्न बेच्या किनाऱ्यावर उकाड्यात शिजणाऱ्या सगळ्यांचा दुवा. शिवाय एक कुतूहल भागणार होतं. मागच्या खेपेला थोडा वेळ वर राहून बिअर नुसती निवली होती. ती गोठते कधी, हे त्याला बघायचं होतं.

नवं इंजिन बसवलेलं विमान चाचणीला वर न्यायचंच होतं. बंदुकांची निगा राखणाऱ्या कॉर्पोरल मर्व्ह टुहीने डाव्या पंखातली काडतुसं काढली आणि तिथे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बाटल्या निजवल्या. उजवा पंखही रिकामा कर, असं क्लेमने सुचवून पाहिलं.

“लेका, तुझी बिअर गार होईपर्यंत जपानी काय रजेवर जाणारेत?” मर्व्ह म्हणाला आणि उजव्या बंदुका भरलेल्याच ठेवल्या.

जपानी रजेवर नव्हते. तळाच्या धक्क्याला लागलेल्या बोटीचे फोटो घेऊन एक टेहळणी विमान क्लेमच्या खालून परत निघालं होतं. क्लेम आरामात त्याच्या मागे आला आणि त्याने घोडा दाबला. एकाच पंखातून मारा होताच विमानाचं नाक उजवीकडे ओढलं गेलं आणि गोळ्या मोकळ्या आभाळात गेल्या. नाक सरळ करीपर्यंत पाहुणा ढगात शिरला होता.

खाली स्क्वाड्रनचे प्रमुख वाट बघत उभे होते. क्लेमला अधिकारी करायची शिफारस त्यांच्याच हातात होती, हे स्वयंपाक्यालाही ठाऊक होतं. ते विमान कसं निसटलं, असं त्यांनी विचारलं. क्लेमने तोंड उघडलं. पण डाव्या पंखाला पाठ लावून उभा असलेला मर्व्ह आधी बोलला.

“डाव्या बंदुका अडकल्या, साहेब. काडतुसं मीच नीट भरली नव्हती.”

प्रमुखांनी क्लेमकडे पाहिलं. “असंच झालं?”

“हो,” क्लेम म्हणाला.

नंतर त्याने मर्व्हला एकट्याला गाठून विचारलं, हे का केलंस?

“वैमानिक तयार व्हायला वर्ष लागतं, गड्या. माझ्या बाहीवरच्या कॉर्पोरलच्या फिती काढायला कात्री पुरते.”

दुसऱ्या दिवशी बॉम्ब आले. बोट रात्रीच निघून गेली होती, त्यामुळे नुसते मासे मेले आणि स्वयंपाक्याने ते तळले. बिअर काही गोठली नव्हती, पण सगळ्यांनी आवडीने प्यायली. क्लेम अधिकारी झाला आणि अधिकाऱ्यांच्या तंबूत राहायला गेला. चुकतं करायचं ते एकट्या मर्व्हने केलं.

पुढच्या उड्डाणाला मर्व्ह नेहमीसारखा पंखावर चढला आणि त्याने क्लेमचे पट्टे आवळले.

“घट्ट नाहीत ना, साहेब?”

आजवर तो त्याला क्लेमच म्हणत आला होता. क्लेमने थट्टा शोधायला वर पाहिलं. मर्व्हच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. उन्हाने विटलेल्या बाहीवर, फिती होत्या तिथलं कापड मात्र अजून नव्यासारखं गडद होतं.