एकशे सदतीसच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. लातूरला वैजनाथ सरांच्या शिकवणीच्या खोलीत कपाटावर पडून असतो. वर्षातून एकदाच माझी धूळ पुसली जाते. दुःख त्याचे नाही.

१९९९ साली सरांनी मला घरी आणले तेव्हा माझी कोण मिजास! पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक कॅसेट माझ्यात उतरवून घेतली. त्यांच्या लेकीच्या, ऋतुजाच्या बारशाची. तिची आई सिंधु त्यात पाळण्यातल्या बाळाशी बोलत होती, "ऋतुजा, इकडं बघ की गं. आई हाय मी." बारशानंतर दोनच महिन्यांनी, १९९३ साली, मायलेकी किल्लारीला असताना तिथे भूकंप झाला होता. ढिगाऱ्यातून ऋतुजा जिवंत निघाली, सिंधु निघाली नाही. कॅसेटची फीतही पुढे तुटली. दर वाढदिवसाला बापलेक माझ्यासमोर बसून तेवढा आवाज ऐकत, आणि मला धन्य वाटे.

मग शिकवणीला बरकत आली. गावोगावची मुले लातूरला येऊ लागली. सर आपली व्याख्याने माझ्यात साठवू लागले आणि माझी छोटी हार्ड डिस्क पुरेना. सरांनी अडीचशे जीबीची नवी आणली. दुरुस्तीवाल्या रेवणप्पाने ती आपल्या नव्या मशीनवर तयार केली, सगळ्यात आधी सिंधुचा आवाज तिच्यात उतरवला. छोटी डिस्क मोडीत गेली. एवढी मोठी डिस्क जुन्या मशीनला झेपायची नाही, नवीनच घ्या, असे त्याने बजावलेही.

"ह्याच्यातूनच सिंधु इतकी वर्षं बोलत आलीय, रेवणप्पा," सर म्हणाले. "हेच राहू द्या."

मित्रांनो, मला एकशे सदतीस जीबीच्या पुढे मोजताच येत नव्हते. व्याख्याने तिथवर पोचली आणि मी मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून लिहू लागलो, आधीचे पुसत. कुणाला कळले नाही.

२०११ साली ऋतुजाला नांदेडला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. पिशव्या दारात ठेवून ती निघण्याआधी माझ्यासमोर बसली. आईची फाईल उघडली. आतून सरांचा आवाज आला, "मुलांनो, परीक्षेत एक मिनिटही वाया घालवू नका."

तिने पुन्हा लावली. पुन्हा तेच. रेवणप्पा धावत आला, तासभर खटपट करून त्याने मान हलवली.

"बाबा, तुम्ही म्हणून दाखवा की," ऋतुजा म्हणाली. "आई कशी म्हणायची?"

"ऋतुजा, इकडं बघ..." सर म्हणाले. पुढचे त्यांना म्हणता आले नाही.

मित्रांनो, जुन्यावर माया करा, पण त्याला किती झेपते तेही विचारा. जिवापाड जपायचे ते एकट्याच्या भरवशावर ठेवू नका.

सरांनी मला भंगारात घातले नाही. ऋतुजाच्या वाढदिवसाला येतात, माझी धूळ पुसतात, आणि मला चालू न करताच निघून जातात.