रंभाबाईंचा डोळा आणि मी

मित्रांनो, सोलापुरात भवानी पेठेत महादेवप्पांचं चार्जिंगचं दुकान आहे. त्याच्या दारामागे एक काळी, जड पेटी पडलेली दिसेल. ती जुनी बॅटरी म्हणजे मी. माझी गोष्ट सांगायला मला लाज वाटते, तरीही सांगते.

शिशाच्या पट्ट्या, तेजाब आणि कठीण रबराची पेटी यांतून माझा जन्म झाला. १९७४ साली मला फिरत्या दवाखान्याच्या गाडीत बसवलं. मोहोळ भागातल्या ज्या वस्त्यांवर विजेचे खांब पोचले नव्हते, तिथे ही गाडी जाई. इंजिनाची बॅटरी वेगळी, सहा व्होल्टची होती. मी बारा व्होल्टची. डॉक्टर दाक्षायणीबाईंचा तपासणीचा मोठा दिवा फक्त माझ्यावर चाले.

गाडीचा ड्रायव्हर धुळा माझी निगा राखी. दर शनिवारी तो मला महादेवप्पांकडे चार्जिंगला आणी. पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटर घाली, विहिरीचं कधीच नाही. टोकांवर साठलेली पांढरी भुकटी सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून व्हॅसलीन लावी.

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत धुळाच्या बहिणीचं लग्न निघालं. कर्ण्यासाठी बॅटरी मिळेना, तेव्हा त्याने कुणालाही न विचारता मला गाडीतून काढून मांडवात नेलं. दिवसभर गाणी वाजली. "लई दमाची बॅटरी हाय की," असं पाहुणे म्हणत. मी फुलून गेले. आतून रिकामी होत होते आणि कौतुकाने सुखावत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी निघायची होती. धुळाने मला तशीच परत बसवली.

त्या दिवशी वस्तीवर रंभाबाई आल्या. ज्वारी काढताना त्यांच्या डाव्या डोळ्यात कणसाचं टोकदार कूस गेलं होतं. उन्हात डोळा उघडवत नव्हता. डॉक्टरबाईंनी त्यांना गाडीत निजवलं, चिमटा हातात घेतला आणि दिवा लावला. तो क्षणभर उजळला, लाल झाला आणि विझला.

"धुळा, बॅटरी भरलेली होती ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय बाई, शनिवारी भरली की. तार ढिली झाली असंल."

शनिवारी भरली होती हे खरं होतं. मधल्या लग्नाचं तो बोलला नाही.

"मग तार नीट कर. उद्या सकाळी परत येऊ," असं म्हणून बाईंनी रंभाबाईंच्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि त्यांना घरी पाठवलं.

संध्याकाळी महादेवप्पांनी माझं पाणी तपासलं. "धुळा, ही पार बसलीय. तीन दिवस लागतील."

"सकाळपतूर न्हाय का व्हणार?"

"ही काय घागर हाय का, नळाखाली धरली की भरली? घाई केलीस तर आतनं जळंल."

दुकानात माझ्या जागी चालेल अशी दुसरी बॅटरी नव्हती. तेव्हाही धुळाने बाईंना खरं सांगितलं नाही. तार मिळेना, उद्या मिळेल, असंच रोज म्हणाला. चौथ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा रंभाबाईंच्या डोळ्यात पू झाला होता. बाईंनी त्यांना तडक सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. डोळा राहिला, पण त्यात पांढरं फूल पडलं आणि त्याची नजर गेली.

महिन्याने रंभाबाई गाडीपाशी दाखवायला आल्या. धुळा त्यांच्यासमोर खाली बसला आणि डॉक्टरबाईंच्या देखत त्याने सगळं सांगितलं.

रंभाबाई म्हणाल्या, "तवाच बोलला असतास, तर मी ह्याच गाडीत बसून सोलापूरला गेले असते की."

डॉक्टरबाईंनी धुळाला कामावरून काढलं नाही. मात्र पुढे कित्येक आठवडे त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या.

त्या लग्नानंतर माझा जोर कधीच पुरता परतला नाही. वर्षभरात माझे दोन सेल गेले आणि गाडीत नवी बॅटरी आली. धुळा तिला दर शनिवारी इथे आणतो. माझ्याकडे बघत नाही. रंभाबाई अजूनही ज्वारीच्या काढणीला जातात. डावीकडचं ज्वारीचं ताट दिसावं म्हणून त्यांना पुरी मान वळवावी लागते, असं धुळा एकदा महादेवप्पांना हळूच सांगत होता.

मित्रांनो, बॅटरीला वेळेवर पाणी द्या, सावकाश भरा, पार रिकामी होऊ देऊ नका. आणि चुकून झालीच, तर जो माणूस तिच्या उजेडाची वाट बघत निजलेला असेल, त्याला ते त्याच घटकेला सांगा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.