बाहीची सळसळ

आमच्या दुकानात कात्री माझी आणि मशीन धाकटीची. धाकटी म्हणजे माझी बहीण. पन्नाशीला आली तरी धाकटीच. नवव्या वर्षी तिला टाइप वन डायबिटीस निघाला, तेव्हापासून ती रोज इन्सुलिन टोचून घेते. "मला दिवसाला चार सुया, उरलेल्या कापडाला," असं गिऱ्हाइकांना हसून सांगते.

परवा शाळेचे पांढरे सदरे शिवत होतो. खाली पडलेला एक उचलला, तर काठाला रक्त. आधी मी माझी बोटं तपासली. मग तिचा पाय पाहिला. एका पायात मोजा, दुसऱ्या अनवाणी तळव्यात तुटक्या सुईचा तुकडा रुतलेला, आणि बाई खुशाल पायडल मारतायत.

"धाकटे, थांब! पाय!"

तिनं वाकून पाहिलं ते सदऱ्याकडे. "अरे देवा! डाग निघेल ना, दादा?"

मी पक्कडीनं तुकडा ओढून काढला. तिनं हूं की चूं केलं नाही. लहानपणी हिला टोचायचं म्हटलं की रडून गल्ली गोळा करायची.

"कधीपासून कळत नाही?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग मशीन कशी चालवतेस?"

"कानानं. पट्टा कसा वाजतो त्यावरून."

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर मशीनवर बसू दिलं असतंस? डोळे अधू झाले असं मी म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी माझी काजं बाहेर शिवायला दिलीस. एका शब्दानं विचारलं नाहीस."

खरं होतं ते. मला वाटलं होतं, मी काळजी घेतोय.

दवाखान्यात यायला ती तयार झाली, पण मी तोंड उघडायचं नाही या अटीवर. डॉक्टरीणबाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली. मग गळाच्या दोऱ्यासारखा एक ताठ धागा घेतला. "डोळे मिटा. तळव्याला लागलं की हो म्हणा."

हो. हो. हो. एकही चुकलं नाही.

"अहो, चांगलं कळतंय की यांना," बाई म्हणाल्या.

मी बुचकळ्यात पडलो. मग माझ्याही कानावर आलं. बाईंचा कोट खळ घालून कडक केलेला. हात पुढे आला की बाही सळसळायची, आणि आमची धाकटी हो म्हणायची.

गप्प बसावं, तर पाय जाईल. बोलावं, तर पुन्हा मीच तिच्या आड येणार.

"डॉक्टर, बाह्या वर करा," मी म्हणालो.

धाकटीनं मिटल्या डोळ्यांनीच दात खाल्ले. "चोंबडा!"

बाह्या वर गेल्या. धागा टाचेला लागला, चवड्याला लागला, अंगठ्याला वाकेपर्यंत टेकला. धाकटी वाट बघत बसली.

"सुरू करा की," ती शेवटी म्हणाली.

"झालं," बाई म्हणाल्या.

तिनं डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला. "पाय कापावा लागेल?"

"आज तरी नाही. पण जखम भरेपर्यंत यावर भार नको. आणि दोन्ही तळवे रोज कुणीतरी बघायचे. न दुखणारी जखमच घात करते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी धाकटीकडे. "मशीनचं तू सांग," मी म्हणालो. "तू म्हणशील तसं."

ती वाकून दुसऱ्या पायातला मोजा काढू लागली. टाचेला चिंधी गुंडाळलेली होती, आमच्याच दुकानातल्या कापडाची.

"हाही बघा," ती म्हणाली.